शेगाव, पण गुरुवार सोडून!

स्वस्तात ट्रिप करायची तर ऑफ-सीझन गाठायचा, हे आपल्याला गोव्याने शिकवलं. बुलढाणा जिल्ह्यात मात्र हे गणित चालत नाही. इथे सीझन बदलला म्हणून खोलीचं भाडं बदलत नाही. बदलतो तो रांगेत जाणारा वेळ. म्हणूनच इथे जायचं तर खिशाआधी कॅलेंडर तपासायला हवं.

दिवाळी संपली की ऑफिसात कॉफी मशीनपाशी एकच चर्चा सुरू होते. उरलेल्या रजांचं काय करायचं? मार्चनंतर त्या वाया जाणार, बॉस सलग आठवडा देणार नाही आणि बोनस तर ईएमआयने कधीच गिळलाय. मग कोणीतरी गोवा म्हणतं, कोणी महाबळेश्वर म्हणतं. हॉटेलचे रेट बघितले की सगळे गप्प होऊन आपापल्या डेस्ककडे वळतात.

अशा वेळी शेगावचं नाव काढलं तर काय होईल? ‘आईबाबांना घेऊन जायची जागा आहे ती,’ असं कोणीतरी म्हणणारच. अगदी चूकही नाही ते. पण जरा नकाशा उघडा. शेगावातून निघून एसटीने लोणारचं उल्कासरोवर, तिथून जिजाऊंचं सिंदखेडराजा आणि मग जालन्याहून रात्रीची गाडी. एकाच जिल्ह्यात संतांचं गाव, अंतराळातून आलेल्या दगडाने पाडलेला खड्डा आणि मराठ्यांच्या इतिहासाचं माहेर! तीन दिवसांच्या रजेत आणि माफक पैशात हे सगळं बसतं. अट एकच. या तिन्ही ठिकाणांची कॅलेंडरं वेगवेगळी आहेत आणि ती जुळवता आली पाहिजेत.

पहिलं कॅलेंडर भिंतीवरचं

शेगावची गर्दी इंग्रजी महिन्यांवर चालत नाही, ती पंचांगावर चालते. त्यामुळे मोबाइलमधलं कॅलेंडर ठेवा बाजूला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं आईचं कॅलेंडर बघा.

गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते 23 फेब्रुवारी 1878 रोजी. तिथी होती माघ वद्य सप्तमी. हाच प्रकटदिन. तो कधी फेब्रुवारीत येतो, तर कधी मार्चच्या सुरुवातीला. महाराजांनी समाधी घेतली 8 सप्टेंबर 1910 रोजी, ऋषिपंचमीला, म्हणजे गणपती बसतात त्याच्या दुसऱ्या दिवशी. या दोन दिवसांत आणि रामनवमीला गावात पाऊल ठेवायला जागा नसते. गावोगावच्या दिंड्या पायी येऊन पोचलेल्या असतात. आषाढी एकादशीला पंढरपूर न गाठू शकलेले लोक शेगाव गाठतात. शेगावहून पायी पंढरपूरला गेलेली पालखी श्रावणात परत येते, तेव्हा खामगाव ते शेगाव हा सुमारे 17 किलोमीटरचा रस्ता माणसांनी फुलून जातो.

आता गर्दीचे छोटे दिवसही लिहून घ्या. दर गुरुवार. दर एकादशी. गुरुपौर्णिमा. रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. दिवाळीची आणि मे महिन्याची शाळेची सुट्टी. शिवाय 31 डिसेंबर आणि 1 जानेवारी! नव्या वर्षाची सुरुवात पार्टीऐवजी दर्शनाने करणारी मंडळी किती आहेत, हे त्या दिवशी शेगावात कळतं.

एवढं सगळं खोडल्यावर उरतं काय? भरपूर उरतं. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून नाताळपर्यंतचे सोमवार, मंगळवार, बुधवार. मग जानेवारीचा दुसरा पंधरवडा. पावसाळा आवडत असेल तर जुलै-ऑगस्टमधले मधले वार, अर्थात आषाढी, गुरुपौर्णिमा आणि पालखी परतण्याचे दिवस टाळून. एक बारीकशी गोष्ट मुंबई-पुणेकरांना सहसा ठाऊक नसते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा आपल्याकडच्यापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. त्यामुळे आपल्याकडे शाळा सुरू झाल्या म्हणजे तिकडची गर्दी ओसरली, असं जूनमध्ये समजू नका.

भाडं तेच, रांग वेगळी

आता खरा मुद्दा. गोव्यात डिसेंबरमध्ये खोली महाग का होते? मागणी वाढते म्हणून. शेगावात प्रकटदिनाला मागणी कितीतरी पटीने वाढते. तरी संस्थानच्या भक्त निवासात भाव चढत नाहीत, आणि महाप्रसाद तर फुकटच असतो. पोळी, भाजी, वरण-भात, पोटभर. त्याशिवाय संस्थानच्या उपाहारगृहात अल्पदरात चहा-नाश्ता मिळतो.

म्हणजे गर्दीच्या दिवशी तुम्ही जास्त पैसे मोजत नाही, पण जास्त तास नक्कीच मोजता. दर्शनाची रांग काही तासांवर जाते. भक्त निवासात आधी येईल त्याला खोली, असा पूर्वापार शिरस्ता आहे. गर्दीच्या दिवशी खोल्या भरतात आणि मग बाहेरच्या खासगी लॉजचा रस्ता धरावा लागतो. तिथे मात्र बाजाराचे नियम लागू होतात. दोन दिवसांच्या ट्रिपमधला अर्धा दिवस असा गेला, तर ती ट्रिप स्वस्त पडली असं म्हणायचं का?

याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हे सगळं इतकं स्वस्त परवडतं कसं? श्री गजानन महाराज संस्थानची स्थापना 12 सप्टेंबर 1908 ची, महाराज हयात असतानाची. हजारो सेवेकरी आळीपाळीने इथे येतात आणि पगाराशिवाय राबतात. कोणी शेतकरी असतो, कोणी दुकानदार, कोणी नोकरी करणारा. तुमच्या ताटात वाढणारे काका कदाचित स्वतःच्या गावी दहा माणसं कामाला ठेवत असतील. इथे मात्र ते तुम्हाला ‘माऊली’ म्हणतात आणि तुमचं उष्टं ताट उचलतात. हा कारभार ज्यांनी अनेक दशकं सांभाळला, ते शिवशंकरभाऊ पाटील 4 ऑगस्ट 2021 रोजी गेले. मॅनेजमेंटच्या वर्गात त्यांच्या शिस्तीचे दाखले दिले जातात. तुमच्या टीममधला एखादा विदर्भातला इंजिनीअर असेल तर त्याला विचारा. संस्थानने 1983 मध्ये सुरू केलेल्या इंजिनीअरिंग कॉलेजातच तो शिकलेला निघायचा.

म्हणून ही स्वस्ताई आपल्याला मिळालेलं ‘डील’ नाही. ती कोणाच्या तरी श्रमातून आलेली सोय आहे, आणि ती सगळ्यात आधी कोणासाठी आहे तर मैलोन्‌मैल पायी चालत आलेल्या, लॉज न परवडणाऱ्या माणसासाठी. आपल्याकडे रजा निवडायची मुभा आहे. सोयाबीन काढून, वर्षातून एकदा सणालाच येऊ शकणाऱ्या आजोबांकडे ती नाही. आपण मंगळवारी गेलो तर आपली रांग वाचते आणि रामनवमीला त्यांची खोलीही वाचते. बजेट ट्रॅव्हलमध्ये असा दुहेरी फायदा क्वचितच मिळतो.

रेल्वेचं 60 दिवसांचं गणित

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती एक्स्प्रेस पकडायची. दोन्ही गाड्या संध्याकाळी सुटतात आणि पहाटे शेगावला पोचवतात. ऑफिसमधून थेट सीएसएमटी गाठता येईल, अशाच वेळा आहेत. पुणेकरांसाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे.

इथेही वेळ म्हणजेच पैसा. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. विमानासारखं मागणीनुसार चढणारं भाडं रेल्वेने 2016 मध्ये आणलं ते राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला. आपल्या साध्या एक्स्प्रेसच्या स्लीपरचं तिकीट पहिल्या दिवशी काढा किंवा दहाव्या, भाडं तेच राहतं. मात्र ते संपलं की तत्काळ काढावं लागतं आणि स्लीपरला माणशी 100 ते 200 रुपये जास्तीचे जातात. चौघांचं जाऊन-येऊन करा हिशोब! तेवढ्यात एसटीचा अख्खा प्रवास निघतो. त्यामुळे तारीख ठरली की 60 दिवस मागे मोजा आणि त्या सकाळी 8 वाजता लॉग-इन करा.

एसटीचं म्हणाल, तर 17 मार्च 2023 पासून महिलांना सर्व बसमध्ये निम्मं तिकीट आहे. मैत्रिणींचा ग्रुप असेल तर जिल्ह्यातल्या फिरण्याचा खर्च थेट अर्ध्यावर येतो.

पहाटे शेगाव स्टेशनवर उतरलात की मंदिराकडे धावायची घाई करू नका. आधी कचोरी! फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने इथे सुरू केलेली ही चपटी, मसालेदार कचोरी आता राज्यभर ‘शेगाव कचोरी’ म्हणून विकली जाते. सोबत तळलेली हिरवी मिरची. पुण्यातल्या मॉलमध्ये मिळते तीच असेल असं समजू नका, खाऊन बघा आणि ठरवा.

दर्शन झाल्यावर ज्यांना आनंद सागर बघायचंय त्यांनी आधी चौकशी करावी. तळ्याकाठचं हे भलंमोठं उद्यान मध्यंतरी काही वर्षं बंद होतं. जुने फोटो पाहून मुलांना शब्द देऊन ठेवू नका.

दुसरं कॅलेंडर हवामानाचं

लोणारला पंचांग कामाचं नाही, इथे थर्मामीटर बघायचा. बेसाल्टच्या काळ्या खडकात उल्का आदळून झालेला हा खड्डा जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचा आणि सुमारे 150 मीटर खोल आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1823 मध्ये त्याची नोंद केली. वय किती? एका पद्धतीने मोजलं तर सुमारे 52 हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने साधारण 5 लाख 70 हजार वर्षं. शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे, आपण खुशाल कडेवर बसून विचार करावा.

एप्रिल-मेमध्ये हा खड्डा कढईसारखा तापतो. उतरताना मजा वाटते, पण चढून वर येताना जीव जातो. भर पावसात सगळं हिरवंगार दिसतं, तरी वाट निसरडी होते आणि पाणी चढलेलं असलं तर काठाकाठाने फिरणं अवघड होतं. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा मोसम. स्थलांतरित पक्षीही तेव्हाच येतात. सकाळी लवकर उतरायचं, कमळजा देवीच्या मंदिराच्या बाजूने जितकी वाट मोकळी असेल तितकं फिरायचं आणि ऊन चढायच्या आत वर यायचं. हे अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर यादीतलं पाणथळ क्षेत्रही आहे. तेव्हा वेफर्सची पाकिटं बॅगेतच राहू द्या आणि उतरण्यापूर्वी वनखात्याच्या माणसाला वाट विचारून घ्या.

आणि हो, गुलाबी पाणी. जून 2020 मध्ये लोणारचं सरोवर चक्क गुलाबी झालं होतं, ते फोटो सगळ्यांनीच फॉरवर्ड केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. पाऊस पडल्यावर रंग गेला. त्यामुळे गुलाबी सेल्फीच्या आशेने जाऊ नका. नेहमीचं हिरवट, उग्र वासाचं, खारं पाणीच नीट बघा. पाण्याच्या याच खारटपणामुळे लोणार जगात वेगळं ठरतं.

गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे मंदिर आहे आणि लोणार हे नाव त्याच लवणासुरावरून आल्याचं सांगतात. शिल्पं इतकी आहेत की मान दुखेपर्यंत वर बघत बसाल. त्यासाठी तिकीट नाही, घाई नाही. फक्त दुपारचा निवांत तास हवा.

शेगावहून लोणार साधारण सव्वाशे किलोमीटर. थेट एसटी मोजक्याच, त्यामुळे खामगाव आणि मेहकर असे टप्पे करावे लागतात. मेहकरला गाडी बदलताना वेळ असेल तर शारंगधर बालाजीचं मंदिर पाहून घ्या. 1888 मध्ये जमिनीत सापडलेली ही काळ्या दगडाची विष्णुमूर्ती माणसापेक्षा बरीच उंच आहे. लोणारला मुक्कामासाठी एमटीडीसीची जागा आहे, गावात साधे लॉजही आहेत. ग्रुपने जात असाल तर एमटीडीसीचं बुकिंग आधीच करा. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी कॉलेजच्या सहली येतात.

तिसरं कॅलेंडर एका तारखेचं

सिंदखेडराजाला फक्त दोन दिवस बघायचे. जिजाऊंचा जन्म 12 जानेवारी 1598 चा, पौष पौर्णिमेचा. तारखेप्रमाणे 12 जानेवारीला इथे राज्यभरातून प्रचंड जनसागर लोटतो, तिथीप्रमाणे पौष पौर्णिमेलाही सोहळा होतो. उत्सव अनुभवायचा असेल तर जरूर त्या दिवशी जा, पण मग मुक्कामाची आणि शांतपणे वास्तू बघण्याची आशा सोडा.

बाकी वर्षभर हे गाव जवळजवळ तुमचंच असतं. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, रंगमहाल, मोती तलाव. आणि लखुजीरावांची समाधी. 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही दरबारात त्यांची मुलांसह हत्या झाली. पुढच्याच वर्षी जिजाऊंच्या पोटी शिवाजी महाराज जन्मले. शाळेत तारखा पाठ केल्या, पण समाधीच्या त्या भल्यामोठ्या चौथऱ्यासमोर उभं राहिल्यावर या दोन घटनांमधलं अंतर किती कमी होतं ते अंगावर येतं. हे गर्दीत, ध्वनिक्षेपकाच्या आवाजात होत नाही. त्यासाठी साधा बुधवारच हवा.

लोणारहून सिंदखेडराजाला थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर सुलतानपूरला किंवा मेहकरला बदलायची. पुढे जालना साधारण 30 किलोमीटर, आणि तिथून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस मुंबईला सोडते.

समृद्धीने जायचं का?

चौघं असाल आणि गाडी असेल तर हा प्रश्न येणारच. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर खुला झालाय. सिंदखेडराजा आणि मेहकर दोन्हीकडे उतरता येतं. वेळ नक्की वाचतो. टोल आणि इंधन धरलं तर चौघांत ठीक, दोघांत महाग. पण ‘रात्रभर चालवू, लॉजचे पैसे वाचतील’ ही युक्ती करू नका. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवाशांचा जीव गेला. सरळसोट, सुनसान रस्त्यावर डोळा कधी लागतो ते कळत नाही. रात्री झोपायचंच असेल तर रेल्वेचा बर्थ बरा. बजेटमधली ही एक काटकसर खरंच परवडत नाही.

तीन रजा, चार रात्री

रविवार संध्याकाळ: मुंबईहून गाडी.
सोमवार: पहाटे शेगाव. कचोरी, खोली, दर्शन, महाप्रसाद. गर्दी असेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग विचारा. ओळखपत्र जवळ ठेवा.
मंगळवार: सकाळच्या एसटीने खामगाव-मेहकरमार्गे लोणार. दुपारी दैत्यसूदन, संध्याकाळी सरोवराच्या कडेवरून सूर्यास्त.
बुधवार: भल्या सकाळी सरोवरात उतरायचं. दुपारपर्यंत सिंदखेडराजा, संध्याकाळी जालना, रात्री गाडी.
गुरुवार: सकाळी मुंबई. आंघोळ करून ऑफिस.

सोबत काय हवं? चांगल्या ग्रिपचे बूट, पाण्याची बाटली, पहाटेच्या थंडीसाठी स्वेटर आणि एसटीसाठी सुटे पैसे. शेवटच्या गाडीची वेळ आगारात विचारून घ्या, मोबाइलवर दिसते तीच असेल असं नाही.

आणि गुरुवारी सकाळी तुम्ही ऑफिसात पंच करत असाल, तेव्हा शेगावात रांग वळणं घेत लांबत गेलेली असेल. त्या रांगेत तुमच्यापुरती एक जागा मोकळी असेल. रजेचा अर्ज भरताना आधी गुरुवार खोडा, मग बाकीचे वार बघा.